शितळासप्तमीस भिंती वाळविल्या त्याची हकीकत

॥ श्री ॥ प्रथम विघ्नहर्त्यास, मग कुलस्वामिनीस, आणि ज्या उंबऱ्यापाशी बसून हे लिहिले त्या उंबऱ्यावरील हळदकुंकवास नमस्कार करून, शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरी एका राज्यात जे घडले ते जैसे दृष्टीस पडले आणि कानी आले तैसे लिहिते. तिखटमीठ लाविले नाही आणि कोणाचे उणे काढावे ऐसा हेतूही नाही. सकाळची पूजा आणि पोथीचा अध्याय झाल्यावाचून लेखणी हाती धरिली नाही, सबब खोटे लिहिण्याची सोय उरली नाही. राज्याचे नाव पुसू नये. ज्याचे त्यास ओळखू येईल.

ते राज्य एका टेकडीवर आणि त्याच टेकडीच्या पायथ्यास वसले होते. वर मानकऱ्यांचे बंगले, बंगल्यांभोवती हिरवळी, हिरवळीत कारंजी, आणि कित्येकांच्या अंगणी पोहण्याचे हौद. खाली ओढ्याकाठी रंगारी आळी, जेथे पूर्वी लुगडी रंगवीत आणि आता रंगवीत नाहीत, परंतु ओढ्याचा रंग अद्याप गेला नाही. वरील हिरवळीस नित्य पाणी घालीत, आणि ते पाणी टेकडीच्या पोटात मुरे, आणि मुरत मुरत खाली उतरे, आणि मग रंगारी आळीच्या भिंतींतून बिनबोलाविता घरात येई. पाऊस सरला तरी त्या भिंतींचा पावसाळा सरत नसे. देवापुढे निरांजन लावू जावे तर काडीचा गूल गळून पडे आणि नुसती काडी हाती राही, म्हणोन आळीतील बायका आगपेटी आधी चोळीत धरून उबवीत आणि मग दिवा लावीत. यात कोणास काही नवल वाटत नसे. लेकरे खोकत, त्याचेही नवल वाटत नसे. हे आता लिहिताना अंगावर काटा येतो, परंतु तेव्हा ते रोजचेच होते.

त्या वर्षी आषाढ मासी नगरसभा भरली. नगरधनी गादीवर विराजमान जाहले, कारभारी आपापल्या जागी बसले, चहा आला, आणि मग आरोग्यखात्यावर नव्याने नेमणूक होऊन आलेल्या रेवती नामे डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. वयाने लहान, अंगाने किरकोळ, परंतु बोलणे ठाम. म्हणाल्या, "महाराज, आपल्या राज्यात टेकडीवरचा माणूस नातवाचं लग्न लावून, पंगतीत जिलब्यांवर ताव मारून मग जातो. टेकडीखालचा माणूस मुलाच्या लग्नापर्यंतही पोचत नाही. आणि दोघांची दारं एकमेकांना दिसतात." हे ऐकोन नगरधन्यांनी ओठास लाविलेला पेला तसाच खाली ठेविला. एक कारभारी बोलिले, "हे आजवर कोणी सांगितलं कसं नाही?" दुसरे बोलिले, "खालच्यांनी सांगायला नको?" तिसरे, जे सहसा बोलत नसत, ते बोलिले, "मेल्यावर कसं सांगतील?" चौथ्या कारभाऱ्यांस दया आली आणि त्यांनी सुचविले की खालील सर्वांस हवापालटासाठी काही दिवस टेकडीवर आणावे. नगरधनी म्हणाले, "उत्तम. कोणाच्या बंगल्यात?" तेव्हा सर्व कारभारी छताकडे पाहू लागले, आणि ती सूचना तेथेच विरली.

डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या, "औषध मी देते, महाराज. लेकरू बरं होतं. मग त्याची आई त्याला घरी नेते आणि त्याच ओल्या भिंतीला लागून निजवते. रोग छातीत नाही, भिंतीत आहे. मला कोरडी घरं द्या." इमारतखात्याचे कारभारी उठोन म्हणाले की माळावर सभेची घरे बांधून तयार आहेत, चांगली कोरडी, वारा खेळता, आणि ती परवडणारी आहेत. नगरधन्यांनी विचारिले, "कोणाला परवडणारी?" कारभारी प्रांजळपणे बोलिले, "बांधणाऱ्याला, महाराज." कोणी हसले नाही, कारण त्यांनी थट्टा केली नव्हती. मग नगरधन्यांनी डोईवरील पगडी सारखी केली आणि आज्ञा फर्माविली की ज्याच्या घरी ओल अधिक आणि छातीचा विकार अधिक त्यास माळावरील घर आधी द्यावे, भाडे ज्याच्या त्याच्या मिळकतीस झेपेल तितुकेच घ्यावे, आणि कोणाशी दुजाभाव नको म्हणोन टेकडीवरील आणि टेकडीखालील सर्व घरे एकाच मापाने पाहावी. ही आज्ञा चांगली होती. आजही चांगलीच म्हणते. जे बिघडले ते आज्ञेत बिघडले नाही.

आता रंगारी आळीतील म्हाळसाबाईंचे सांगते. म्हाळसाबाई विधवा, वयस्क, गुडघ्यांनी थकलेल्या, परंतु मान ताठ. घरात सून केसर आणि नात मंजुळा. मुलगा परमुलखी ट्रक घेऊन जाई आणि सणावारी येई. मंजुळा उंबरठ्याएवढी होती तेव्हापासून तिचा श्वास शिटी वाजवी. तिच्या उशाशी श्वासाचा पंप असे, आणि ती खेळावयास निघाली की केसर आधी तो पंप तिच्या खिशात घाली आणि मग तिची वेणी घाली. डॉक्टरीणबाईंनी केसरीस स्पष्ट सांगितले होते की हे लेकरू कोरड्या घरात निजेल तर सावरेल, आणि याच भिंतीपाशी राहिले तर पुढील थंडीची हमी मी देत नाही. ते शब्द केसर रोज भाकरी थापताना मनात म्हणे. दुसरे तिला काही नको होते.

आळीची एक रीत होती. दारी पाहुणा आला तर घरातील उणे त्यास दिसू द्यावयाचे नाही. घरात साखर नसेल तर शेजारणीने मागील दाराने द्यावी, धड खुर्ची नसेल तर ती समोरच्या घरून उचलोन आणावी, आणि पाहुणा उठोन गेला की ज्याचे त्यास पोचते करावे. या रीतीने आळीची अब्रू राहिली होती, आणि आळीजवळ अब्रूखेरीज फारसे काही नव्हतेही.

श्रावण शुद्ध षष्ठीस आळीत दवंडी पिटली की उदईक सभेचे अमीन भास्करपंत घरे पाहावयास येतील. उदईक शितळासप्तमी होती. ती देवी लेकराबाळांस जपणारी. तिच्या दिवशी चूल पेटवीत नाहीत. आदल्या दिवशी रांधून ठेवितात, चूल सारवून गार करितात, तीवर हळदकुंकू वाहतात, आणि लेकरांची अंगे अशीच गार राहोत म्हणोन मागणे मागतात, आणि मग शिळे अन्न खातात. आळीच्या टोकास देवीचे लहानसे देऊळ आहे. तेथे नित्य दिवा लावावयाचा माझा नेम असल्याने त्या सकाळी जे पाहिले ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्या दिवशी आळीत घरोघरी कोळशाच्या शेगड्या पेटल्या होत्या. दारांतून धूर निघत होता. शितळादेवीच्या दिवशी, देवीच्या देवळासमोर.

म्हाळसाबाईंनी शेगडी भिंतीशी नेऊन ठेविली होती आणि पदराने वारा घालीत होत्या. केसर दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाई, आज सातम हाय."

"ठाऊक आहे. तुझ्या जन्माआधीपासून पूजते मी तिला."

"मग ही शेगडी?"

"चूल पेटवली नाही मी. चुलीवर हळदकुंकू आहे, बघ जा. ही शेगडी आहे."

"देवीला काय त्यातला फरक कळायचा नाही?"

"देवी घरची आहे. तिला मागाहून समजावता येतं. पाहुणा परका आहे."

केसर हळूच म्हणाली, "पण आत्याबाई, त्ये वल बघायलाच येनार हायेत. ज्याच्या भितीला वल त्याला घर."

"बघू देत की. म्हणून आपण दाखवायची? तुझ्या बापाच्या घरी पाहुणे आले की फाटकी गादी पुढं करत होते का? घर काय त्यांना द्यायचं तर देतील, आपली अब्रू बघून देतील."

सुनेने झाडू घेतला. मग म्हाळसाबाईंनी ट्रंक उघडून आपले हिरवे लुगडे काढिले. ते लुगडे त्यांच्या लग्नातील, त्यांच्या यजमानांनी स्वहस्ते याच आळीत रंगविलेले, आणि आजवर घडी मोडली ती फक्त सणाला. ते त्यांनी खिळे ठोकून भिंतीवर असे ताणले की ओलीचा डाग झाकला आणि खोली उजळली. मग मंजुळेस हाक मारून म्हणाल्या, "मंजी, देवीच्या देवळात जाऊन बस. साहेब जाईस्तोवर येऊ नको. आणि खोकू नकोस."

"आणि आला तर, आजी?"

"तर हळू खोक."

लेकरू देवळात आले आणि समईपाशी गुडघ्यांत डोके घालून हळू खोकत बसले. ते ऐकोन देवीसमोर उभे राहवेना. तरी मीही कोणास सांगावयास गेले नाही, हे खरे.

दोन प्रहरी शेगड्या मागील दारी दडविल्या, तो अमीन भास्करपंत आले. माणूस सज्जन, वर्तणूक नेमस्त, पायीची पादत्राणे बाहेर काढून आत आले. समोरच्या घरची खुर्ची मांडली होती तीवर बसले, मागील दाराने आलेल्या साखरेचे सरबत प्याले, आणि भोवती पाहून म्हणाले, "वा, काय टापटीप आहे. आणि खोली कशी छान उबदार आहे." मग हसोन म्हणाले, "आमच्याकडे आज सगळं शिळं आणि गार. सातम ना. सकाळपासून गरम घोट नाही पोटात." ऐसे बोलिले आणि पेला रिकामा केला, आणि शितळासप्तमीस हे घर उबदार कसे हा प्रश्न त्यांच्या मनास शिवला नाही. भिंतीजवळ गेले, लुगड्यावरून हात फिरवून म्हणाले, "रंग काय टिकलाय." केसर पुढे आली आणि तोंड उघडले, "सायेब, ह्याच्या मागं…" तो म्हाळसाबाई बोलिल्या, "सूनबाई, साहेबांचा पेला रिकामा आहे." केसरीने पेला उचलिला. अमिनांनी घरात कोणी आजारी आहे काय ऐसे पुसले, आणि म्हाळसाबाई उत्तरल्या, "देवीच्या कृपेने सगळं चांगलं आहे." येणेप्रमाणे सर्व आळीत जाहले. घराघरांतून सरबत, घराघरांतून लुगडी आणि चादरी, आणि अमीन इतुके सरबत प्याले की अखेरच्या घरी नुसते दारातून पाहून नमस्कार करून गेले.

दुसरे दिवशी तेच अमीन टेकडीवर गेले. तेथे उर्मिलादेवी नामे मानकरीण, त्यांनी अमिनांस दारीच गाठले आणि शयनगृहात नेऊन कपाट सरकवून म्हणाल्या, "हे बघा. डाग." अमिनांस डाग दिसेना. तेव्हा उर्मिलादेवींनी आपला चष्मा त्यांस दिला, आणि मग विड्याच्या पानाएवढी एक पिवळट खूण दिसली. "वरच्या न्हाणीघराचा नळ गळतो. हे असं आम्ही राहायचं का?" अमिनांनी पुसले, "छातीचा विकार?" त्या म्हणाल्या, "शिंका येतात." "कोणाला?" "घरात येतात." तितुक्यात त्यांचे कुत्रे शिंकले, आणि अमीन माणूस सरळ, त्यांनी जे ऐकिले ते नोंदविले. टेकडीवर सर्वांनी ऐसेच केले. त्यांस तक्रार करावयाची सवय होती, तीत त्यांस लाज वाटत नसे, आणि ज्यांस लाज वाटत होती ते आदल्या दिवशी खाली शेगड्यांच्या धुरात डोळे पुशीत बसले होते.

इकडे खाली आळीत सप्तमीच्या संध्याकाळीच मंजुळेचा श्वास लागला होता. धुरकटलेल्या खोलीत लेकरू परतले आणि थोड्याच वेळात ओठ निळे पडू लागले, पंपाने भागेना, आणि मग केसर तिला खांद्यावर टाकून धावत दवाखान्यात गेली आणि म्हाळसाबाई गुडघे धरून मागून गेल्या. डॉक्टरीणबाईंनी मुलीस प्राणवायू लाविला, तिच्या केसांस नाक लावून पाहिले आणि म्हणाल्या, "आज सातम ना? मग हा धूर कसला?" म्हाळसाबाई म्हणाल्या, "उदबत्तीचा." केसर भिंतीकडे तोंड करून उभी होती. लेकरू त्या वेळी वाचले. परंतु त्यानंतर जिना चढेनासे झाले, आणि मैत्रिणी खेळताना ही पायरीवर बसोन त्यांच्या चपला सांभाळू लागली.

आश्विनात विजयादशमीच्या आदल्या दिवशी दवंडी फिरली. रंगारी आळी कोरडी आणि निरोगी ठरली होती. टेकडीवर ओल आणि विकार सापडले होते. सबब माळावरील घरे टेकडीवरील मानकऱ्यांस देण्यात आली. दवंडीवाला हे बोलोन पुढील चौकात गेला तरी आळीतील माणसे जागची हलली नाहीत. सभेत डॉक्टरीणबाईंनी हात जोडून म्हटले की हे अशक्य आहे, मी रोज त्या आळीची छाती ऐकते. तो अमीन उठोन म्हणाले, "बाई, मी स्वतः भिंती पाहिल्या आहेत. तुम्ही माणसं पाहता, मी घरं पाहिली." आणि कारभाऱ्यांनी विचार केला की टेकडीखाली रोग नाही, तर मग वर आणि खाली भेद राहिला कोठे, आणि भेद नाही तर आपण तो मिटविला. ऐसा विचार होताच सभेत आनंदीआनंद जाहला. मानकरी तरी बंगला सोडून माळावर राहावयास थोडेच जाणार. त्यांनी तेथे आपले जुने सोफे, जादा गालिचे आणि मुलांच्या वापरात नसलेल्या सायकली पाठविल्या. कोरड्या घरांत, खेळत्या वाऱ्यात, सोफे राहू लागले. त्याच दिवसांत तेथे जाऊन खिडकीतून डोकावून खात्री करून घेतली. खरोखर सोफेच होते, वर चादर पांघरून.

मग मार्गशीर्षात गुरुवारी भेद मिटविल्याबद्दल नगरधन्यांचा सत्कार योजिला. शाल कोणी घालावी, तर रंगारी आळीतील सर्वांत टापटीप घर ज्यांचे त्या बाईंनी, ऐसे अमिनांनी सुचविले, आणि म्हाळसाबाईंस बोलावणे आले. म्हाळसाबाईंच्या मुखावर तेज आले, ते खोटे का सांगावे. म्हणाल्या, "बघितलंस, केसर? घर नाही तर मान तरी." केसर मंजुळेच्या छातीस तेल चोळीत होती.

सत्कारास नेसावयाचे म्हणोन म्हाळसाबाई भिंतीवरील लुगडे काढू लागल्या. अमीन पुन्हा फिरतील म्हणोन ते श्रावणापासून तेथेच होते. खिळे काढिले, लुगडे सुटले, आणि त्यासोबत भिंतीचा गिलावा ढेपाढेपांनी खाली आला. लुगड्याची आतील बाजू काळी पडली होती. बुरशी दाट, केसाळ, आणि बोट लाविले तेथे धागा गळून पडे. यजमानांचा हिरवा रंग फक्त काठाशी राहिला होता. मंजुळा जवळ येऊन म्हणाली, "आजी, हे नकाशासारखं झालंय," आणि खोकू लागली, आणि या वेळी कोणी तिला हळू खोक म्हटले नाही. केसर उठली. तिने सासूस टोमणा मारिला नाही. इतुकेच म्हणाली, "आत्याबाई, हे लुगडं सरावनापासून त्या भितीला हुतं. मंजी जल्मल्यापासून हाय."

म्हाळसाबाई ते लुगडे मांडीवर घेऊन खाली बसल्या. मग त्यांनी त्याची नीट घडी घातली, नेहमी घालीत तशी, आणि पिशवीत ठेविली, आणि रोजचे पातळ नेसोन सत्कारास निघाल्या.

सभागृहात दिवे, हार, सनई. नगरधनी खुर्चीवर, शेजारी अमीन, मागे कारभारी, पुढील रांगेत उर्मिलादेवी. म्हाळसाबाईंच्या हाती तबकात शाल दिली. त्यांनी तबक खाली ठेविले आणि पिशवीतून लुगडे काढून म्हणाल्या, "आमच्यात रीत आहे, महाराज. घरातलं चांगलं असेल ते पाहुण्याला द्यायचं. हे आमचं चांगलं." आणि नगरधन्यांच्या दोन्ही खांद्यांवरून ते पांघरिले. बाईमाणसाने दिलेले वस्त्र परत करावयाचे नाही ही रीत वरही होती आणि खालीही होती, म्हणोन नगरधन्यांस हात वर करिता आला नाही. लुगड्याची घडी मोडली आणि काळी भुकटी उडाली. नगरधन्यांस खोकला आला. थांबेना. डोळ्यांत पाणी आले. सनईवाला थांबला. पाणी पिऊन नगरधनी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, हे काय आहे?"

"भिंत आहे, महाराज. अमीनसाहेबांनी हिची तारीफ केली होती."

अमीन म्हणाले, "पण खोली तर उबदार होती. मी बसलो होतो तिथं." आणि बोलता बोलता थबकले. मग अगदी हळू म्हणाले, "त्या दिवशी सातम होती."

"होती," म्हाळसाबाई म्हणाल्या. "देवीच्या दिवशी शेगडी पेटवली मी. तुमच्यासाठी. आणि नातीला देवळात लपवलं. तिचे ओठ निळे झाले त्या संध्याकाळी."

नगरधनी म्हणाले, "आमचे अमीन ओल बघायलाच आले होते ना? मग दाखवली का नाही?"

"अमीनसाहेब पाहुणे म्हणून आले, महाराज. खुर्चीवर बसले, सरबत प्याले. पाहुण्याला कोणी आपलं फाटकं दाखवतं का? तुम्ही तरी दाखवता का?"

उर्मिलादेवी पदराशी चाळा करू लागल्या. नगरधनी लुगडे खांद्यावर तसेच ठेवोन उठले आणि डॉक्टरीणबाईंस म्हणाले, "चला. आत्ताच." आणि मग नगरधनी, डॉक्टरीणबाई, अमीन, म्हाळसाबाई, आणि सत्काराचे हार घेऊन उभी असलेली सर्व मंडळी टेकडी उतरू लागली.

नगरधनी निघाल्याची बातमी त्यांच्या आधी आळीत पोचली होती. वळणावर आलो तो समोर आळीतून धूर. दारादारांत शेगड्या पेटल्या होत्या. कोणी चादर ताणीत होते, कोणी समोरच्या घरी खुर्ची नेत होते, आणि एक बाई आपल्या खोकणाऱ्या लेकरास हाताला धरून देवळाकडे ओढीत होती. इतुके होऊनही. म्हाळसाबाई धावल्या. त्या गुडघ्यांनी त्या कशा धावल्या हे देवीसच ठाऊक. पहिल्या घरात शिरल्या, माठातून तांब्या भरून घेतला आणि शेगडीवर ओतला. घरची बाई ओरडली, "अगं बाई, हे काय करतेस? नगरधनी येतायत."

"येऊ देत. आज सातम आहे."

"मार्गशीर्षात कुठली सातम?"

"माझी राहिलेली," म्हाळसाबाई म्हणाल्या, आणि पुढील घरात गेल्या.

घरोघर पाणी ओतीत गेल्या आणि शेगड्या चर्र करून विझत गेल्या. मग केसर तांब्या घेऊन धावली, मग समोरची शेजारीण, आणि मग ज्या बाईने लेकरास देवळाकडे ओढिले होते तिने त्यास उचलोन घेतले आणि आपल्या दारात सर्वांसमोर उभी राहिली. खोकू दे, म्हणाली. चादरी उतरल्या. नगरधनी म्हाळसाबाईंच्या घरात गेले. कोणी खुर्ची दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. त्यांनी गिलावा पडलेल्या भिंतीवर तळहात ठेविला आणि काढिला, तो ओला होता. सवयीने खांद्यावरील वस्त्रास पुसावयास गेले, तो ते तेच लुगडे होते. मग त्यांनी हात तसाच धरून ठेविला. कोपऱ्यात मंजुळा अंथरुणावर बसली होती. तिने पुसले, "तुम्हाला पण पंप देऊ का?" कारण नगरधनी अजून खोकत होते.

पुढे सभेने घरांचे वाटप फिरविले. माळावरील घरांतून सोफे काढावे ऐसे ठरले. उर्मिलादेवी म्हणाल्या की बंगल्याच्या तळघरात ठेविले तर सोफ्यांस ओल बाधेल, तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "बाधेल. माणसांनाही बाधते." पाहणी पुन्हा जाहली, आणि या वेळी अमिनांनी स्वतः नेम केला की कोणाच्या घरी सरबत घेणार नाही, आणि बसणारही नाही, आणि आधी भिंतीस हात लावीन. तो नेम त्यांनी पाळिला. सर्वांस घरे मिळाली ऐसे लिहिता येत नाही. आळीतील कित्येक अद्याप तेथेच आहेत, आणि टेकडीवरील हिरवळीस अद्याप पाणी घालितात, आणि त्या पाण्याचे करावे काय यावर सभेत अद्याप चहा चालू आहे. म्हाळसाबाईंस माळावर घर मिळाले.

सारांश इतुकाच, की त्या राज्यात रोग होता, औषध होते, घरे होती आणि चांगली आज्ञाही होती, आणि तरी एका लेकराचा श्वास आमच्याच अब्रूखाली दबला होता. हे कोणास दोष द्यावा म्हणोन लिहिले नाही. पुढील श्रावणात शितळासप्तमीस माळावर जाणे जाहले. चूल गार होती, तीवर हळदकुंकू होते, शिळा दहीभात पानात होता. भिंतीवर काही टांगले नव्हते. मंजुळा जिना चढून वर आली, मध्ये एकदाच थांबली, आणि आजीने दिलेली आगपेटी घेऊन देवापुढे बसली. सवयीने ती आधी हातात धरून उबवू लागली. म्हाळसाबाई म्हणाल्या, "नको. तशीच ओढ." पहिल्याच काडीस निरांजन लागले.